घरी बसून मन शिकता येत नाही म्हणे!

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचे कॉलेज दुपारी दोन ते चार भरायचे. सकाळचे डबे, सासूबाईंची औषधे, धुणेभांडी उरकली की दोन वाजता ती टपालाने आलेली पुस्तके उघडायची. चार वाजता मुले शाळेतून आली की पुस्तके फडताळात. कुणी विचारलेच तर 'वेळ जात नाही म्हणून वाचतेय' असे सांगायची. अभ्यास करतेय म्हटले असते तर पुढचा प्रश्न 'कशाला?' हाच आला असता, आणि त्या प्रश्नाला घरात कधी उत्तर पुरे पडत नाही. अशा दोन-दोन तासांच्या तुकड्यांतून, लग्नानंतर तेरा वर्षांनी, तिने मानसशास्त्र घेऊन बी.ए. केले. आज ती आमच्या सल्ला केंद्रावर दर गुरुवारी ज्येष्ठ कार्यकर्तीच्या शेजारी बसते. ती एक वाक्य नेहमी सांगते : "नैराश्याचे प्रकरण वाचले तेव्हा पहिल्यांदा कळले, की मी आळशी नव्हते."

हे वाक्य आधी नीट ऐकू या. कारण ज्या वाटेने ती ह्या वाक्यापर्यंत पोचली, ती वाट तिच्यामागून येणाऱ्या बायकांसाठी बंद करण्याचा निर्णय झाला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले, की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र, आहारशास्त्र ह्यांनाही तोच न्याय. बी.ए.सारख्या अनेक विषयांच्या पदवीत इतिहास घरून शिका, अर्थशास्त्र शिका, इंग्रजी शिका. मानसशास्त्र तेवढे वगळा. कारण दिले ते गुणवत्तेचे. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात मानसशास्त्रज्ञाचा व्यवसाय येतो. आणि अशा व्यवसायाचे प्रशिक्षण घरी बसून होऊ शकत नाही, असे म्हणणे.

ऐकायला किती रास्त वाटते! रोग्याच्या जिवाशी खेळ नको, हे कोण नाकारील? निदान आम्ही तरी नाकारणार नाही. अर्धवट शिकलेल्या सल्लागारांनी बायकांचे काय केले, ते आम्ही रोज पाहतो. म्हणूनच ह्या युक्तिवादाची नीट झडती घेणे आम्हांला भाग आहे.

पदवी म्हणजे दवाखान्याची पाटी नव्हे

पहिली गोष्ट. मानसशास्त्रातली बी.ए. मिळाली म्हणून कुणालाही रोग्यावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. तो कालही नव्हता. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. त्यासाठी एम.ए.नंतर रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते. वर्षानुवर्षे ते दोन वर्षांच्या एम.फिल.चे होते. ते प्रशिक्षण टपालाने होऊ नये, ह्यात वादच नाही. पण बी.ए. म्हणजे ते प्रशिक्षण नव्हे. बी.ए.त मुली शिकतात ते स्मरण कसे चालते, मूल बोलायला कसे शिकते, पूर्वग्रह कसे तयार होतात, माणूस गर्दीत वेगळा का वागतो, चाचणी कशी रचतात, सरासरी कशी काढतात. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई आमदार होत नाही, आणि अर्थशास्त्र घेतलेली रिझर्व्ह बँक चालवत नाही. मग मानसशास्त्र शिकलेली तेवढी रोगी तपासायला बसेल, ही भीती कुठून आली?

दुसरी गोष्ट. 'काउन्सेलर' अशी पाटी लावून बसणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे, हे खरे. त्यांत शनिवार-रविवारच्या शिबिरातून बाहेर पडलेले आहेत, विवाहपूर्व मार्गदर्शन करणारे महाराज आहेत, नवऱ्याने हात उगारला तर 'तुम्ही थोडे जमवून घ्या' एवढाच मंत्र जाणणारे समझोतेवाले आहेत. ह्यांच्यापैकी अनेकांनी मानसशास्त्राचे एक पुस्तकही उघडलेले नसते. त्यांना आवर घालण्याचे काम अवघड आहे, कारण त्यांच्यामागे पैसा आहे आणि भक्त आहेत. दुपारी दोन ते चार अभ्यास करणाऱ्या बाईचा प्रवेश बंद करणे फार सोपे. तिच्यामागे कोण आहे?

दार कुणासाठी बंद झाले?

दूरस्थ शिक्षण ही काही कुणाची मेहेरबानी नव्हती. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली देशातले पहिले पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले. १९८९ मध्ये नाशिकला आपले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले, त्याचे ब्रीदच 'ज्ञानगंगा घरोघरी'. ज्यांना रोज कॉलेजात जाता येत नाही त्यांचाही शिक्षणावर हक्क आहे, हे ह्या संस्था काढताना शासनाने मान्य केले होते.

कोणाला जाता येत नाही? बारावी होताच जिचे लग्न लावून दिले तिला. जिच्या तालुक्याच्या कॉलेजात कला शाखा आहे पण मानसशास्त्राला प्राध्यापक नाही, तिला. शेवटची एस.टी. साडेपाचला सुटते म्हणून जिला घरचे पाठवत नाहीत तिला. अंगणवाडीत सकाळ काढणाऱ्या सेविकेला. दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला. पायांनी अधू असलेल्या मुलीला, जिच्या कॉलेजात हा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतो. शहरातल्या विनाअनुदानित तुकडीची फी जिच्या बापाच्या आवाक्याबाहेर आहे, तिला. ह्या बायकांना 'नियमित कॉलेजात जा' असे सांगणे म्हणजे 'शिकू नका' असेच सभ्य भाषेत सांगणे आहे.

आणि ह्याच बायकांना ह्या विषयाची गरज सर्वांत जास्त आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२१ चे आकडे पाहा. त्या वर्षी देशात ४५,०२६ स्त्रियांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २३,१७८ गृहिणी होत्या. निम्म्याहून जास्त! म्हणजे घरात राहणाऱ्या बाईचे मन हा ह्या देशातला केवढा मोठा प्रश्न आहे. आणि तोच विषय घरात बसून शिकायला मात्र बंदी!

बाहेर ठेवलेल्या बायका

मानसशास्त्राचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे दार ओळखीचे वाटेल. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात शब्दांच्या जोड्या पाठ करून घेण्याचा एक प्रयोग असतो. एक शब्द दाखवायचा, जोडीचा दुसरा आठवतो का ते पाहायचे. ही पद्धत शोधून काढली मेरी व्हिटन कॉकिन्स हिने. १८९० साली तिला हार्वर्डमध्ये शिकायचे होते. हार्वर्डने तिला वर्गात बसू दिले, पण पाहुणी म्हणून. विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. १८९५ मध्ये तिने डॉक्टरेटची सगळी अट पुरी केली, विल्यम जेम्ससारख्या तिच्या शिक्षकांनी तिची तोंडभरून स्तुती केली, आणि विद्यापीठाने पदवी नाकारली, कारण ती बाई होती. १९०५ मध्ये ती अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. १९३० मध्ये वारली तेव्हाही हार्वर्डची पदवी तिला मिळालेली नव्हती. क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन हिने आपला प्रबंध १८८२ मध्ये पुरा केला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने पदवी दिली ती १९२६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी!

लीटा हॉलिंगवर्थची गोष्ट तर आपल्या फार जवळची. ती शिक्षिका होती. लग्न करून न्यूयॉर्कला आली, तर तिथल्या शाळांत लग्न झालेल्या बाईला नोकरी नव्हती. घरी बसावे लागलेली ही बाई पुढे मानसशास्त्राकडे वळली. पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी मंदावते, असे त्या काळचे मोठमोठे डॉक्टर आणि प्राध्यापक छातीठोकपणे लिहीत. कुणी मोजून पाहिले नव्हते. हॉलिंगवर्थने रोजच्या रोज मोजले, आणि १९१४ मध्ये दाखवून दिले की असा काही फरक पडत नाही. प्राध्यापकांना हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्यांना तो पडण्याचे कारण नव्हते. ज्ञानाला बाहेर ठेवलेल्या माणसांची गरज असते ती अशी.

आपल्याकडे तारा शोधायला कुठे लांब जायला नको. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे वडिलांकडून घरीच शिकल्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, सगळी वर्तमानपत्रे बायकांच्या नीतीवर तुटून पडली, तेव्हा १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली ती ह्या घरी शिकलेल्या बाईने. तिला कुणी हजेरीपट विचारला नाही हे आपले भाग्य.

वर्गात तरी काय शिकवतात?

आता आपण त्या नियमित वर्गातच जाऊन बसू, ज्याच्या गुणवत्तेची एवढी ग्वाही दिली जाते. वर्गात बहुतेक मुलीच असतात. 'मुलींना बरा विषय, पुढे मुले वाढवायला उपयोगी पडतो' असे म्हणून आईवडिलांनी पाठवलेल्या. फळ्यावर विषय असतो शिकलेल्या असहाय्यतेचा. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर ह्यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. ज्या कुत्र्यांना झटका थांबवणे शक्य नव्हते, ती पुढे दार उघडे असूनही पळाली नाहीत, पडून राहिली. मुली हे उतरवून घेतात, दहा मार्कांचे उत्तर म्हणून पाठ करतात. त्यांच्याच गल्लीत एक बाई रोज मार खाते आणि सगळे विचारतात, 'ती सोडून का जात नाही?' पण त्या उत्तराचा आणि त्या बाईचा संबंध वर्गात कुणी जोडून दाखवत नाही. कुत्रा पळाला का नाही, एवढेच विचारायचे. बटणावर हात कोणाचा होता, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. खुद्द मायर आणि सेलिगमन ह्यांनी २०१६ मध्ये आपला सिद्धांत उलटा फिरवला : पडून राहणे शिकावे लागत नाही, परिस्थिती आपल्या ताब्यात येऊ शकते हेच शिकावे लागते, असे ते आता म्हणतात. बायकांच्या गटांत आम्ही चाळीस वर्षे दुसरे काय करतो आहोत?

पुढचे प्रकरण फ्रॉइड. 'हिस्टेरिया' हा शब्दच ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलेला. १९०० साली अठरा वर्षांच्या एका मुलीला तिच्या बापाने फ्रॉइडकडे आणले. बापाच्या मित्राने तिला चौदाव्या वर्षी एकटी गाठून जबरदस्तीने चुंबन घेतले, तेव्हा तिला किळस आली. फ्रॉइडने काय लिहावे? ही किळस हेच हिस्टेरियाचे लक्षण! निरोगी मुलीला तिथे सुख वाटले असते! ती मुलगी अकरा आठवड्यांनी उपचार सोडून निघून गेली. पाठ्यपुस्तकांनी तिला 'डोरा' म्हणून अजरामर केले ते अपुऱ्या उपचाराचा नमुना म्हणून. आमच्या मते त्या खोलीत शहाणी तीच होती.

नैतिक विकासाच्या पायऱ्या सांगणाऱ्या कोलबर्गने १९५८ च्या आपल्या मूळ अभ्यासात फक्त मुलगे घेतले. मुलींना त्याच पट्टीने मोजून त्या खालच्या पायरीवर थांबतात असे अनेकांनी ठरवले, आणि ह्याला कॅरल गिलिगनने १९८२ मध्ये जाहीर हरकत घेतली. त्याआधी १९६८ मध्ये नेओमी वाइस्टीनने स्पष्ट लिहिले होते, की बायका खरोखर कशा असतात हे मानसशास्त्राला माहीतच नाही. पायऱ्या मात्र अजून तोंडपाठ करून घेतल्या जातात. हरकत राहिली तर शेवटच्या तासाला.

ही भाषा आपल्यावर चालवली जाते

कुणी म्हणेल, मग असला विषय शिकायचा तरी कशाला? उत्तर साधे आहे. आपण शिकलो नाही तरी ती भाषा आपल्यावर वापरली जातेच.

१९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि घटस्फोटाच्या कारणांत 'मानसिक विकार' शब्द स्पष्टपणे आला. तेव्हापासून 'बायको वेडी आहे' हे हत्यार कितीजणांनी उपसले! माहेरी पाठवायचे, झोपेच्या गोळ्यांची एक चिठ्ठी मिळवायची, कोर्टात ठेवायची. नुसता विकाराचा शिक्का पुरेसा नाही, तो किती आणि कसा आहे हे सिद्ध करावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले. किती बायकांना हे माहीत असते? ज्या बाईने निदान आणि शिक्का ह्यांतला फरक शिकलेला असतो, ती त्या चिठ्ठीकडे पाहून चार प्रश्न विचारू शकते. कुठली चाचणी? कुणी घेतली? कोणत्या भाषेत?

१९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली, 'त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही' म्हणून. त्या मुलींना 'मतिमंद' ठरवणारा बुद्ध्यांक हा आकडा मानसशास्त्रानेच जगाला दिला. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा आपल्याला तज्ज्ञांशी तज्ज्ञांच्याच भाषेत भांडावे लागले. ज्या त्या भांडणात होत्या त्यांना विचारा, विषय शिकलेली एक बाई बाजूला असणे म्हणजे काय असते.

टपालाच्या अभ्यासक्रमाचेही खरे बोलू

दूरस्थ अभ्यासक्रम फार छान चालले होते, असा दावा आम्ही करणार नाही. अभ्यासकेंद्रावर रविवारी कुलूप असते. प्रात्यक्षिकाची जर्नल्स दुसऱ्याची पाहून उतरवली जातात. स्वाध्यायाच्या तयार वह्या दुकानात विकत मिळतात. मराठीत पुस्तके कमी, आणि आहेत त्यांची भाषा अशी की इंग्रजी परवडले. हे सगळे खरे आहे. पण जर्नल उतरवणे, तयार नोट्स, न घेतलेले तास हे नियमित कॉलेजांत नाहीत काय? तिथे आपण कॉलेज सुधारा म्हणतो. विषय बंद करा म्हणत नाही.

सुधारणा कशी होते ह्याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तिथे 'संगत' ह्या संस्थेने मानसोपचारातली पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसवले. नैराश्य आणि चिंतेने ग्रासलेल्यांशी कसे बोलायचे हे त्यांना शिकवले, आणि वर अनुभवी लोकांची देखरेख ठेवली. सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रोग्यांना त्याचा लाभ झाल्याचे २०१० मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे रोग्याची सुरक्षितता येते ती नीट प्रशिक्षणातून आणि देखरेखीतून. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात विकारांच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा देशात मन समजणारी माणसे वाढवायची की कमी करायची?

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. बी.ए.च्या पातळीवरचे मानसशास्त्र हे सामाजिक शास्त्र म्हणून वेगळे धरावे आणि दूरस्थ शिक्षणाला पुन्हा खुले करावे. उपचाराचा परवाना देणारे प्रशिक्षण प्रत्यक्ष आणि कडकच असावे.

२. प्रात्यक्षिकांसाठी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून दोन निवासी शिबिरे घ्यावीत, पाळणाघरासह. पाळणाघराशिवाय निवासी शिबिर म्हणजे बायकांसाठी बंद शिबिर.

३. कौटुंबिक हिंसा, बालपणीचे लैंगिक अत्याचार, जातीचा अपमान हे विषय अभ्यासक्रमाच्या गाभ्यात यावेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्याला भावनिक छळ समजतो. मानसशास्त्राच्या पुस्तकाला का समजू नये?

४. चांगली, वाचवेल अशा मराठीतली पुस्तके शासनाने तयार करून घ्यावीत. लिहिणाऱ्यांत केंद्रांवर काम करणाऱ्या बायका असाव्यात.

५. 'काउन्सेलर' अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी सक्तीची करावी, आणि त्याची सुरुवात पाटीवाल्यांपासून करावी, विद्यार्थिनींपासून नको.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, वस्तीत अशी किती दारे बंद झाली ते आम्हांला कळवा. कोणाला प्रवेश घ्यायचा होता, कुठले कॉलेज किती लांब आहे, फी किती आहे, तिथे मानसशास्त्र आहे का, एवढे चार तपशील लिहा. पोस्टकार्डही चालेल. हे सगळे एकत्र करून आपण आयोगाला पाठवणार आहोत. आमची ती मैत्रीणही सही करणार आहे. ती म्हणाली, निवेदनात एवढे जरूर घाला : दुपारी दोन ते चार ह्या वेळात जो वर्ग भरत होता, त्यात एकही दिवस गैरहजेरी नव्हती.